वाऱ्याच्या दिवशी नाणेघाट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नाणेघाटातला माझा पहिला फोटो असा आहे: अंगावर निळा रेनकोट, हातात अर्धा खाल्लेला वडापाव, केस तोंडावर आणि पाठ गुहेच्या भिंतीला टेकलेली. बाहेर वारा एवढा होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही सगळे आत घुसलो होतो. रात्री घरी तोच फोटो मोठा करून बघत होते, तर माझ्या कानामागून अक्षरांची एक ओळ निघालेली दिसली. तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. मी ज्या भिंतीला टेकून तेलकट हात पुसत होते, तिच्यावर दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलं होतं, आणि तिथे तासभर असून मला ते दिसलं नव्हतं.

त्यानंतर चार वेळा जाऊन आले. दर वेळी काहीतरी नवीन चुकलं. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितेय. उलट्या धबधब्याचं रील बघून निघालेल्यांनी तर नक्की वाचा, कारण बहुतेक जण तिथे भिजतात, ओरडतात आणि लेणं न बघता परत येतात.

ठिकाणाबद्दल थोडं. जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा जिथे कोकणात कोसळतो, तिथे एक अरुंद खिंड आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेने वर जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. खिंडीच्या तोंडाशी रांजण, थोडं खाली उतरलं की लेणं, आणि भोवती वारा.

१. दिवस निवडा

उलटा धबधबा दिसायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: माथ्यावरून वाहणारं भरपूर पाणी आणि कोकणाकडून येणारा जोरदार वारा. नैऋत्येचा वारा सपाट कोकण ओलांडून येतो, समोर कड्याची भिंत लागते, त्याला जायला फक्त वरची दिशा उरते. मग कड्यावरून खाली निघालेलं पाणी तो उचलून परत माथ्यावर फेकतो. नुसता पाऊस असेल तर धबधबा नेहमीसारखा खाली पडतो, आणि 'उलटा कुठाय?' असं विचारणारे लोक तुमच्या शेजारी उभे असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये वारा आणि पाणी दोन्ही मिळतं, पण धुकंही असतं. दुसऱ्या खेपेला आम्हाला चार तासांत स्वतःच्या पायांपलीकडे काही दिसलं नाही. माझा कौल सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. वारा शिल्लक असतो, मधून ऊन पडतं, गर्दी उतरलेली असते. शनिवार-रविवार शक्यतो टाळाच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी तपासा:

- हवामान खात्याचा इशारा. माथा पुणे जिल्ह्यात आणि पायथा ठाणे जिल्ह्यात येतो, म्हणून दोन्ही जिल्ह्यांचा बघा. लाल असेल तर बेत रद्द. नारिंगी असेल तरी मी जात नाही.
- जिल्हा प्रशासनाचा आदेश. पावसाळ्यात धबधबे आणि कड्यांच्या ठिकाणी काही दिवस बंदी घातली जाते. वाटेतल्या नाक्यावरून परत फिरण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

२. वरून जायचं की खालून, हे आधी सगळ्यांनी मिळून ठरवा

नाणेघाटाला दोन तोंडं आहेत, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

*वरून:* जुन्नर, आपटाळे, चावंड, घाटघर या वाटेने गाडी थेट खिंडीजवळच्या पठारावर जाते. जुन्नरपासून तासभर धरा, पावसात जास्त. पुण्याकडून येणारे नाशिक महामार्गाने नारायणगावपर्यंत येऊन जुन्नरला वळतात. एसटीने येत असाल तर पुण्याहून जुन्नरला गाड्या भरपूर आहेत, पण जुन्नरहून घाटघरकडे मोजक्याच. जुन्नर स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीत 'परतीची शेवटची गाडी घाटघरहून किती वाजता निघते' हे विचारा आणि मगच चहा प्या.

*खालून:* कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे गाव लागतं. त्याच्या थोडं पुढे नाणेघाटाची पायवाट सुरू होते. कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी धरायची आणि चढतानाच कंडक्टरला उतरण्याचं ठिकाण सांगून ठेवायचं. तिथून अडीच ते तीन तासांची चढण. वाटेत ओढे लागतात, दगडांवर शेवाळ असतं.

पहिली खेप असेल आणि वाऱ्याचा दिवस असेल तर वरून जा. खालची वाट सुंदर आहे आणि घाटाची खरी मजा तीच, कारण जुने व्यापारी तसेच चढले. पण ती हिवाळ्यासाठी ठेवा. भर पावसात ओढा चढला की परतीची वाट बंद होते.

आता सापळे. आमचा मावसभाऊ डोंबिवलीहून गाडीने निघाला आणि आम्ही पुण्याहून. 'नाणेघाटला भेटू' एवढंच ठरलं होतं. साडेदहाला तो पायथ्याशी उभा आणि आम्ही रांजणापाशी. नकाशावर आमच्यात बोटभर अंतर. प्रत्यक्षात त्याला गाडीने वर यायचं तर माळशेज चढून, मोठा वळसा घालून जुन्नरच्या बाजूने यायला हवं होतं. फोनला रेंज येऊन-जाऊन, त्यामुळे हे एकमेकांना समजावण्यातच पाऊण तास गेला. शेवटी तो माळशेजला भजी खाऊन घरी गेला.

दुसरा सापळा घाटघर या नावाचा. भंडारदऱ्याजवळ अकोले तालुक्यात आणखी एक घाटघर आहे. फोनमधल्या नकाशात नुसतं 'घाटघर' टाकाल तर तो तुम्हाला मजेत तिकडे नेईल. जुन्नर तालुका बघून घ्या, आणि नकाशा जुन्नरमध्येच उतरवून ठेवा, पुढे रेंजचा भरवसा नाही.

३. पिशवीत काय हवं

- ओळखपत्र, आणि गाडी असेल तर लायसन्स व पीयूसी, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत
- सुटे पैसे. गाडीची किंवा प्रवेशाची पावती फाडावी लागली, तर रेंज नसताना यूपीआय चालत नाही
- जॅकेट आणि विजार असा दोन तुकड्यांचा रेनकोट
- दोरी बांधता येणारी टोपी किंवा कानटोपी
- खाचा असलेल्या तळव्याचे बूट. चप्पल आणि गुळगुळीत झालेले जुने बूट नकोत
- छोटी बॅटरी. दिवसाढवळ्या कशाला, ते पाचव्या पायरीत सांगते
- चष्मा असेल तर त्याची दोरी आणि पुसायला सुती पंचा
- कोरड्या कपड्यांचा एक जोड, तो गाडीतच ठेवायचा
- ब्राह्मीतली (लेण्यातली जुनी लिपी) आठ-दहा अक्षरं आणि त्यांच्यासमोर मराठी अक्षरं लिहिलेला एक कागद

छत्री नको. खरंच नको. माझी छत्री खिंडीच्या तोंडाशी उघडली, क्षणभर फुलली, उलटी झाली आणि माझ्या हातात फक्त मूठ राहिली. बाकीची माथ्यावरून जुन्नरच्या दिशेने उडाली. ती मागून येणाऱ्या कोणाच्या तोंडावर बसली असती तर? तीच गोष्ट अंगावर टाकायच्या अखंड पोंचोची. त्यात वारा शिरला की शीड होतं, आणि शिडाखाली तुम्ही असता.

४. पोहोचल्यावर आधी लेणं, वारा नंतर

सगळे जण गाडीतून उतरले की थेट कड्याकडे पळतात. तुम्ही उलट करा. कड्यावर गेलात की पाच मिनिटांत आतपर्यंत भिजता, मग थंडी वाजते, मग पोरं कुरकुर करतात आणि लेणं राहून जातं. कोरडे असताना आधी लेण्यात जा.

खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण दिसेल. घाटातून जाणाऱ्या मालावरची जकात इथे टाकली जायची आणि या नाण्यांवरूनच नाणेघाट, असं प्रत्येक जण सांगतो. गोष्ट पटण्यासारखी आहे. पण लेण्यातल्या मोठ्या लेखात जकातीचं नाव नाही, तिथे वेगळाच हिशोब आहे. पावसाळ्यात रांजणात पाणी असतं आणि वाऱ्याने त्यावर सारख्या बारीक सुरकुत्या उठत असतात. लोक आत नाणी टाकतात. तुम्ही टाकू नका, तसंच त्याच्या काठावर मूल बसवून फोटोही नको.

रांजणाकडून खिंडीत उतरायचं. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये पायाखाली दगडांची फरसबंदी, आणि पावसाळ्यात तिच्यावरून पाणी वाहतं. कोकणातून आलेला वारा इथे नरसाळ्यातून यावा तसा अंगावर येतो. उतरताना तीन गोष्टी सांभाळा:

- झोत आला की चालू नका. गुडघे थोडे वाकवून, कातळाला हात लावून थांबा. झोत ओसरला की दोन पावलं टाका.
- लहान मुलं भिंतीच्या बाजूला, तुम्ही मोकळ्या बाजूला.
- उतरताना मोबाइल खिशात. जे घसरतात ते बहुतेक पाय चुकला म्हणून घसरत नाहीत, स्क्रीनकडे बघत होते म्हणून घसरतात.

पाच-दहा मिनिटांत लेणं येतं.

५. भिंत वाचा

आत शिरल्यावर दोन मिनिटं काहीच करू नका. डोळे अंधाराला सरावू द्या. मग बॅटरी काढा, पण ती भिंतीवर समोरून मारू नका. समोरून मारलीत की सगळं सपाट, पांढरट दिसतं. बॅटरी एका बाजूला, भिंतीच्या जवळजवळ समांतर धरा. उजेड तिरका पडला की कोरलेल्या प्रत्येक रेघेत सावली भरते आणि ओळीच्या ओळी उठून येतात. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या सासूबाई 'अगं बाई!' एवढंच म्हणाल्या आणि पुढची वीस मिनिटं बॅटरी त्यांच्याच हातात होती.

डाव्या आणि उजव्या भिंतींवर मिळून वीस लांब ओळी आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. काही अभ्यासक शंभर वर्षं आणखी मागे नेतात. सुरुवात होते 'सिधं' या शब्दाने, मग धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव (म्हणजे बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना, म्हणजे दिशांच्या रक्षक देवांना, वंदन. पुढे यज्ञांची यादी: अश्वमेध, राजसूय आणि बरेच काही. प्रत्येक यज्ञाला किती दक्षिणा दिली त्याचे आकडे. १७०० गाई, १० हत्ती, असे. वाचताना एखाद्या मोठ्या लग्नाची आहेराची वही उघडल्यासारखं वाटतं.

हा सगळा लेख ज्या राणीशी जोडला जातो ती नागनिका. भिंतीवर तिचं नाव 'नायनिका' असं येतं. सातकर्णी राजाची राणी. लेखात तिला मासोपवासिनी म्हटलंय, घरात राहून तापसीचं आयुष्य जगणारी म्हटलंय. यज्ञ आणि राजे हे सगळं भव्य आहेच, पण मला दर वेळी तो 'महिनाभर उपवास करणारी' हा शब्द थांबवतो. कदाचित माझी आजी चातुर्मासात एकभुक्त राहायची म्हणून असेल.

मागच्या भिंतीकडे वळा. इथे एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या आठ मूर्ती होत्या. आता वरचं काही नाही. खाली पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात, आणि डोक्यावर होती ती नावं. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकणि (म्हणजेच सातकर्णी), कुमार भाय, महारठी, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. नाव वर, पाय खाली, मधला माणूस गायब. 'महारठी' हा शब्द दिसला की आपल्या लोकांची छाती लगेच फुगते. ती त्या काळची मोठ्या सरदाराची पदवी होती, आजच्या 'मराठा' शब्दाशी तिचं नेमकं नातं काय यावर अभ्यासकांचे वाद आहेत. लेण्यात उभं राहून ते सोडवायला जाऊ नका, मागे रांग असते.

आता तो कागद काढा. ब्राह्मीतला 'क' म्हणजे साधं अधिकचं चिन्ह. 'ग' म्हणजे घराचं उतरतं छप्पर. 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी केलेली काठी. 'ठ' म्हणजे नुसतं वर्तुळ, आणि गंमत अशी की आपला आजचा 'ठ' अजूनही पोटाशी तोच गोल धरून आहे. एवढ्यावर मुलांना सोडा आणि 'क' शोधायला सांगा. दहा वर्षांच्या पुढची मुलं यात रमतात. त्याहून लहानांसाठी आकडे: एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन.

आकड्यांवर जरा थांबा, कारण हे लेणं गणिताच्या इतिहासात त्यांच्यासाठीच ओळखलं जातं. इथे शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, वीसला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. १७०० लिहायचे तर आधी हजाराचं चिन्ह, मग सातशेचं. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये हे लेख पाहून जगासमोर आणले. पुढे ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने प्रयत्न केला, मग पंडित भगवानलाल इंद्रजींनी हे आकडे आहेत हे ओळखून त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि १८८३ मध्ये ब्यूलर या जर्मन संस्कृत पंडिताने पूर्ण वाचन छापलं.

भिंतीला हात लावायचा नाही. जाळी असो वा नसो, नाहीच लावायचा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणारे महाभाग मी पाहिलेत. ओल्या हवेत ते आत चिकटून बसतं. तिरकी बॅटरी तेच काम फुकटात करते. आणि खाणं बाहेर. हे सांगायचा अधिकार मला नाही, तरी सांगते.

६. आता वाऱ्याला भेटा

परत वर या, पठारावर जा. इथली एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती, ती नीट वाचा. कोकणाकडून येणारा वारा तुम्हाला दरीत ढकलत नाही, मागे ढकलतो. त्यामुळे लोकांना वाटतं, धोका नाही. पण आपण नकळत वाऱ्यावर रेलून उभे राहतो, सगळा भार पुढच्या पायावर. झोत अचानक थांबतो. रेललेलं शरीर पुढे जातं, आणि पुढे कडा असतो. माझी तशी दोन पावलं गेली होती. कड्यापासून लांब होते म्हणून नुसतं हसू झालं.

म्हणून कड्याला तोंड करून उभं राहू नका, वाऱ्याला खांदा द्या. भार मागच्या पायावर ठेवा. काठापासून स्वतःच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर राखा, कारण पावसाळ्यात काठची माती आणि गवत आतून सुटलेलं असतं. कठडा असेल तर कठड्याच्या अलीकडे. धबधब्याचं पाणी तसंही तुमच्याकडे येणारच आहे, तुम्ही त्याच्याकडे जायची गरज नाही. ते खालून वर येऊन चेहऱ्यावर आपटतं तेव्हा पाऊस कुठला आणि धबधबा कुठला, काही कळत नाही.

खिंडीला लागून नानाचा अंगठा नावाचा सुळक्यासारखा दिसणारा उंचवटा आहे. मागून चढ सोपा आहे, पुढून सरळसोट कडा. धुकं असेल तर तिकडे जाऊच नका. शेजारचा जीवधन किल्ला त्याच दिवशी 'उरकून टाकू' म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. ओल्या कातळातल्या त्याच्या वाटा पहिल्या खेपेच्या माणसांसाठी नाहीत. त्या मित्राला भाकरी खायला बसवा.

७. परतीचं

तीनच्या सुमारास निघा. उशिरा धुकं उतरलं की घाटघरच्या रस्त्यावर पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. जेवण हवं असेल तर सकाळी वर जातानाच घाटघरमध्ये सांगून ठेवा. पिठलं-भाकरी, ठेचा, भात असं साधं मिळतं, पण आयत्या वेळी दहा माणसांचं कोणीच करून देऊ शकत नाही.

वाटेत पूर गावाजवळ कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, कुकडी नदीच्या उगमापाशी. वीस मिनिटं काढा. दिवसभराच्या घोंघाटानंतर इथली शांतता कानांना आधी बरी वाटते, मग जाणवतं की कान अजून गुणगुणताहेत.

घरी आल्यावर बुटांतले आतले तळवे काढून वेगळे वाळवा आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर चार तासांनी बदला. लायसन्स पिशवीत असूनही ओलं झालं असेल, ते इस्त्रीखाली घालू नका. माझं घातलं होतं.